ऋषीचे कूळ आणि कुत्र्याचे मूळ

सकाळी कुत्र्याला पट्टा लावून रस्त्यावर निघालेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. पहिला, 'चावत नाही ना?' आणि दुसरा, 'कोणत्या जातीचा आहे हो?' पहिल्याचे उत्तर मालकाला ठाऊक असते. दुसऱ्याचे पुष्कळदा नसते. 'मिक्स आहे', एवढेच तो सांगतो. विचारणाऱ्याचे तेवढ्याने समाधान होत नाही. तो दोन पावले मागे सरतो, मान किंचित तिरकी करून कुत्र्याकडे पाहतो आणि निकाल देतो : 'कान पाहा, लॅब्रेडोर नक्की आहे. छाती मात्र डॉबरमनची. शेपटीवरून थोडा पामेरियनही असावा.' कुत्रा तोवर विजेच्या खांबाचा वास घेत असतो. त्याच्या तीन पिढ्यांची वंशावळ एका मिनिटात मांडून झालेली असते.

हा खेळ आम्हीही पुष्कळ खेळलो आहोत आणि त्यातला आनंद आम्हांला मान्य आहे. अनोळखी मुलाकडे पाहून 'नाक अगदी आजोबांचे' असे म्हणण्यात जो आनंद असतो त्याच जातीचा हा आनंद आहे. तरीही या लेखात आम्हांला असे म्हणायचे आहे की, रूपावरून कूळ सांगण्याची ही विद्या आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कच्ची आहे. ती नुसती कच्ची असती तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण हा अंदाज गप्पांमधून कागदावर उतरला की तो अंदाज राहत नाही, नोंद होतो. आणि मग ती नोंदच त्या प्राण्याचे नशीब ठरवू लागते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्या यादीत कुत्र्याची भर का घालावी, हे थोडे विस्ताराने पाहू.

हा खेळ शक्य कोटीतला वाटतो, याला एक कारण आहे. आपल्या डोळ्यांपुढे कुत्र्यांच्या जातींची एक चित्रावली असते. अल्सेशियनचे ताठ कान, डॅशहुंडचे आखूड पाय, पूडलचे कुरळे केस, बुलडॉगचे चेपलेले तोंड. ही चित्रे पक्की आहेत, कारण ती मुद्दाम पक्की केली गेली. कामाच्या गरजेनुसार वेगवेगळ्या बांध्याची कुत्री माणसाने फार पूर्वीपासून राखली. मेंढ्यांमागचे वेगळे, शिकारीचे वेगळे. पण बंद वंशावळ, लेखी मानके आणि प्रदर्शनातील गुणांकन हा सारा व्यवहार मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे १८५९ साली कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले, आणि १८७३ साली तिथल्या केनेल क्लबची स्थापना झाली. त्यानंतर प्रत्येक जातीचा दरवाजा बंद झाला : आईबापांची नावे वहीत असतील तरच पिल्लू त्या जातीचे. आज ज्याला आपण 'शुद्ध जात' म्हणतो तिचे वय अशा अर्थाने जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. पुण्यातले कित्येक वाडे तिच्याहून जुने आहेत.

एका ठरावीक रूपासाठी पिढ्यानुपिढ्या निवड केली की ते रूप स्थिर होते, हे खरे. जात कळली तर रूप पुष्कळसे सांगता येते. लॅब्रेडोर आईबापांचे पिल्लू लॅब्रेडोरसारखे दिसेल, ही पैज कोणीही लावावी. आपली चूक होते ती या विधानाला उलटे फिरवताना. जातीवरून रूप सांगता येते, म्हणून रूपावरून जात सांगता येईल, असे आपण गृहीत धरतो. जाती बंद कुंपणात आहेत तोवर ते जमतेही. कुंपण मोडून दोन जाती एकत्र आल्या, की मात्र हा उलटा हिशेब चालेनासा होतो.

तो का चालत नाही, हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय विसाव्या शतकाच्या मध्यात झाली. अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत, जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पाच जातींचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा मुख्य विषय स्वभावाचा वारसा हा होता, परंतु त्यासाठी त्यांनी बासेंजी आणि कॉकर स्पॅनियल या दोन जातींचा संकर करून पुढच्या पिढ्या वाढवल्या. बासेंजी म्हणजे ताठ कानांचा, आखूड केसांचा, शेपटीची गुंडाळी पाठीवर ठेवणारा आफ्रिकी कुत्रा. कॉकर स्पॅनियल म्हणजे लोंबते कान आणि झुपकेदार केस. या संकरातून आलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे पाहिली तर पाहणारा चक्रावतो. पहिल्या पिढीतली पिल्ले दोघांपैकी कोणासारखीच धड दिसत नाहीत. त्या पिढीचा आपसांत संकर झाल्यावर आलेल्या दुसऱ्या पिढीत तर एकाच घरातली भावंडे रंगाने, केसांनी, कानांनी एकमेकांपासून दूर जातात. अशा भावंडांतले एखादे रस्त्यात भेटले, तर त्याच्या आजोळी बासेंजी आणि दुसरीकडे कॉकर होता, हे छातीठोकपणे सांगणारा कोणी सापडेल असे आम्हांला वाटत नाही. तिसऱ्याच एखाद्या जातीचे नाव मात्र पुष्कळ जण घेतील.

असे का घडते, याचा उलगडा पुढे जनुकशास्त्राने केला. 'ताशा' नावाच्या एका बॉक्सर मादीचा जनुकसंच डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याच्या देहात गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात आणि त्यांवर सुमारे १९,००० जनुके. मात्र यांपैकी डोळ्यांना चटकन दिसणारी लक्षणे ठरवणारी जनुके मूठभरच निघाली. कुत्रा लहान चणीचा होण्यात एका जनुकाचा फार मोठा वाटा आहे, हे २००७ साली दाखवून दिले गेले. केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, तोंडावर मिशा आणि दाट भुवया आहेत की नाहीत, यांतला बहुतेक फरक केवळ तीन जनुकांनी समजावता येतो, हे २००९ साली कळले. त्याच वर्षी हेही कळले की डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड अशा आखूड पायांच्या अनेक जातींमध्ये या पायांमागे एकाच जनुकाची एक जादा प्रत आहे.

आता या माहितीचा आपल्या खेळाशी काय संबंध, ते पाहू. पणजोबांपैकी एक डॅशहुंड असलेल्या पिल्लाच्या अंगी त्या पणजोबाचा वारसा सरासरीने आठवा हिस्सा येतो. त्या हिश्शात ती जादा प्रत आली, तर पिल्लाचे पाय स्पष्टपणे आखूड होतील आणि आपण त्याला 'डॅशहुंडचे' म्हणू. उरलेले सात हिस्से अदृश्य राहतील. ती आली नाही, तर त्याच वेतातल्या त्याच्या भावाचे पाय लांब राहतील आणि त्याच्या वंशावळीत डॅशहुंड आहे हे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. शिवाय पाय आखूड आहेत म्हणून तो पणजोबा डॅशहुंडच होता, बॅसेट किंवा कॉर्गी नव्हता, हे पायांवरून कसे ठरवणार? म्हणजे चूक तीन बाजूंनी होते. थोडा वारसा ठळक दिसतो, मोठा वारसा लपून राहतो, आणि जे दिसते ते अनेक घराण्यांचे सामाईक असते.

लपून राहण्याचे उदाहरण तर शुद्ध जातीतही सापडते. दोन काळ्या लॅब्रेडोरांच्या पोटी पिवळी पिल्ले जन्मतात, कारण पिवळेपणा देणारी प्रत दोन्ही आईबापांत काळ्या रंगाखाली दडलेली असू शकते. जिथे वंशावळ वहीत लिहिलेली आहे तिथे ही गत, तर वही नसलेल्या कुत्र्यांविषयी काय बोलावे? त्यात आणखी एक गोष्ट अशी की, एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. तेव्हा भावंडांकडे बोट दाखवून केलेला तर्कही भरवशाचा नाही. जिभेवरचा निळा-काळा डाग पाहून 'यात चाउ-चाउ आहे' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तसे डाग इतर कित्येक जातींत आणि कुठल्याच जातीच्या नसलेल्या कुत्र्यांतही आढळतात.

हे झाले तर्काने. प्रत्यक्ष परीक्षा घेतली तर अंदाज कितपत उतरतात? व्हिक्टोरिया व्हॉइथ यांनी कॅलिफोर्नियात अशी एक परीक्षा घेतली आणि तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. निवाऱ्यांतून दत्तक गेलेली २० कुत्री त्यांनी घेतली, निवाऱ्याने लिहिलेली जात एका बाजूला ठेवली आणि डीएनए चाचणीचा निकाल दुसऱ्या बाजूला. यांतल्या १६ कुत्र्यांच्या कागदावर एखाद्या विशिष्ट जातीचे नाव होते. त्यांपैकी केवळ ४ कुत्र्यांच्या बाबतीत कागदावरची निदान एक जात डीएनएमध्ये प्रमुख म्हणून आढळली. पुढे २०१३ साली त्यांनी याच प्रकारची कसोटी कुत्र्यांशी कामानिमित्त संबंध असलेल्या ९०० हून अधिक लोकांपुढे ठेवली. २० कुत्र्यांपैकी फक्त ७ कुत्र्यांच्या प्रमुख जातीबाबत निम्म्याहून अधिक जणांचे एकमत झाले. आणि त्या ७ पैकी ३ बाबतीत हे एकमत डीएनएशी जुळले नाही. जाणकारांचेही आपसांत जमत नाही, आणि जमले तरी ते खरे असतेच असे नाही.

याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१८ साली ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया येथील दोन निवाऱ्यांतील ९०० हून अधिक कुत्र्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कर्मचाऱ्यांनी सांगितलेल्या जातींपैकी किमान एक जात डीएनएशी जुळण्याचे प्रमाण ६७ टक्के निघाले. हे प्रमाण काही टाकाऊ नव्हे. रोज शेकडो कुत्री हाताखालून जाणाऱ्या माणसाच्या नजरेला काहीतरी कळते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एकाहून अधिक जाती बरोबर सांगायच्या म्हटल्यावर हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास घसरले. आणि त्या निवाऱ्यांतली कुत्री होती कशी? शुद्ध जातीची ५ टक्क्यांच्या आत. एकूण १२५ जातींचा अंश त्यांत सापडला, आणि सरासरीने प्रत्येक कुत्र्यात तीन जाती. म्हणजे नजर कुत्र्यातला एखादा धागा पकडते आणि त्यालाच संपूर्ण वस्त्र समजते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, चुकेनात का अंदाज. कोणाचे काय बिघडले? बिघडते ते असे.

ब्रिटनमध्ये १९९१ साली धोकादायक कुत्र्यांविषयीचा कायदा आला. त्यात पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो हे चार 'प्रकार' नावानिशी प्रतिबंधित झाले. एक्सएल बुली हा पाचवा प्रकार २०२३ च्या अखेरीपासून त्यांत आला. कायद्याने 'जात' न म्हणता 'प्रकार' म्हटले, हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कुत्र्याचे आईबाप कोण होते हा प्रश्न तिथे निर्णायक नाही. डोके, छाती, पाय, शेपूट यांची ठेवण पिट बुलच्या वर्णनाशी पुरेशी जुळली, तर तो कुत्रा त्या प्रकारचा. आणि तसा आरोप झाला, तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. ज्याच्या घराण्यात एकही पिट बुल नाही असा कुत्रा केवळ रूपाने पिट बुल ठरू शकतो. आणि ज्याची आई पिट बुल आहे असा कुत्रा रूपाने वेगळा निघाला म्हणून सुटू शकतो.

बेलफास्टमधील लेनॉक्स नावाच्या कुत्र्याची कथा या संदर्भात जगभर गाजली. उत्तर आयर्लंडमध्येही अशाच स्वरूपाचा कायदा आहे. लेनॉक्सला २०१० साली त्याच्या घरातून ताब्यात घेण्यात आले. तो अमेरिकन बुलडॉग आणि लॅब्रेडोर यांचा संकर आहे, असे त्या कुटुंबाचे म्हणणे होते. तज्ज्ञाने मापे घेऊन तो पिट बुल प्रकारचा असल्याचे मत दिले. त्याच्या स्वभावाविषयी न्यायालयात उलटसुलट साक्षी झाल्या. दोन वर्षे खटला चालला, अपिले फेटाळली गेली, आणि जुलै २०१२ मध्ये त्याला मारण्यात आले. लेनॉक्स धोकादायक होता की नव्हता, याचा निवाडा आम्ही इतक्या दुरून करणार नाही. परंतु प्रकरणाची सुरुवात त्याने कोणाला चावा घेतल्याने झाली नव्हती. तो कसा दिसतो यावरून झाली होती, हे विसरता येत नाही.

निवाऱ्यातल्या कागदाचेही तसेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, दिसायला सारख्याच असलेल्या कुत्र्यांपैकी ज्यांच्या पिंजऱ्यावर 'पिट बुल' असे लिहिले होते त्यांना घर मिळण्यास तिपटीहून अधिक काळ लागला. म्हणजे कुत्री सारखी, फरक केवळ अक्षरांचा. त्याच अभ्यासात फ्लोरिडातील एका निवाऱ्याचा अनुभव नोंदवला आहे. तिथे जातीची नावे लिहिणेच बंद केले, आणि पूर्वी ज्यांना पिट बुल म्हटले गेले असते अशी कुत्री अधिक संख्येने घरी गेली.

हा प्रश्न आपल्या दारातही येऊन गेला आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले. त्या यादीबरोबर त्या जातींचे संकरही धरलेले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले गेले, हा त्यामागचा एक आक्षेप होता. आमचा आक्षेप आणखी साधा आहे. 'आणि त्यांचे संकर' हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. अंमलबजावणीच्या दिवशी दारात उभा राहिलेला माणूस कशावरून ठरवणार की समोरचा रुंद डोक्याचा, आखूड केसांचा कुत्रा त्या यादीतल्या कोणाचा नातू आहे? ठरवणार अर्थातच पाहून. आणि पाहून काय कळते, ते वर आलेच आहे.

यावर एक उत्तर असे दिले जाते की, पाहून कळत नसेल तर चाचणी करावी. जात महत्त्वाची आहेच, कारण जातीवर स्वभाव अवलंबून असतो. या समजाचीही तपासणी झालेली आहे. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि २,१०० हून अधिक कुत्र्यांचे जनुकसंच एकत्र तपासले गेले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनात जो फरक असतो त्यातला सुमारे ९ टक्केच फरक जातीने समजावता येतो, असा निष्कर्ष निघाला. काही गुणांत, उदाहरणार्थ माणसाचे ऐकून काम करण्याच्या कलात, जातीचा प्रभाव थोडा अधिक. चिडखोरपणात फारच कमी. मेंढपाळाचा कुत्रा आणि शिकारी कुत्रा यांत काहीच भेद नाही, असे कोणी म्हणत नाही. पण समोरच्या एका कुत्र्याचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर त्याच्या जातीपेक्षा त्याच्याबरोबर घालवलेला एक तास अधिक सांगून जातो.

आतापर्यंत आम्ही संकरित कुत्र्यांविषयी बोलत होतो. मात्र आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य कुत्र्यांना हा शब्दही लागू पडत नाही, आणि आपल्याकडची मोठी गफलत इथेच आहे. गावठी कुत्रा म्हणजे नाना जातींची सरमिसळ होऊन उरलेला गाळ, अशी आपली एक समजूत असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ३८ देशांतील गावकुत्र्यांचे जनुकीय नमुने घेऊन २०१५ साली झालेल्या अभ्यासात दक्षिण अमेरिका आणि पॅसिफिक बेटे यांसारख्या प्रदेशांतील कुत्री बव्हंशी युरोपीय वंशाची निघाली. भारतातल्या गावकुत्र्यांत मात्र युरोपीय वारसा फारच थोडा आढळला. शहरांतून सोडून दिलेल्या परदेशी कुत्र्यांचे रक्त काही ठिकाणी मिसळले आहे, हे खरे. पण आपल्या पारावर झोपलेला तो तांबूस, ताठ कानांचा, वळलेल्या शेपटीचा कुत्रा कोणा लॅब्रेडोरचा आणि अल्सेशियनचा बिघडलेला वारस नव्हे. तो जातींची वही उघडण्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. त्याच्यात कोणकोणत्या जाती मिसळल्या हा प्रश्नच त्याच्या बाबतीत उलटा आहे. कडेकपारीतल्या झऱ्याला तू कोणकोणत्या बाटल्यांतले पाणी मिसळून झालास, असे विचारण्यासारखा.

या गफलतीतून डीएनए चाचणीही आपोआप वाचवत नाही. अशी चाचणी कुत्र्याच्या नमुन्याची तुलना तिच्याजवळच्या संग्रहाशी करते. त्या संग्रहात केवळ नोंदणीकृत जाती असतील आणि आपल्या गावकुत्र्यांचे नमुने नसतील, तर ती जवळात जवळच्या जातींची नावे टक्केवारीसह छापून देईल. कागद छान दिसेल, आकडे नेमके असतील, आणि तो कुत्रा कोण आहे हे त्यात नसेल. जे नाव यादीत नाही ते उत्तरात येऊ शकत नाही. डोळ्यांपुढच्या चित्रावलीचीही हीच मर्यादा होती. घरोघरच्या ज्या पांढऱ्या केसाळ कुत्र्याला आपण पिढ्यानुपिढ्या 'पामेरियन' म्हणत आलो तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो. पण ते नाव आपल्या चित्रावलीत नव्हते, म्हणून तो पामेरियन झाला.

इथे आपल्या भाषेतल्या एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. इंग्रजीत कुत्र्याच्या वाणाला एक शब्द आणि माणसांच्या जातीला दुसरा. मराठीत दोन्हींना 'जात'च. 'संकर' हा शब्दही तसाच. शेतकऱ्याच्या तोंडी तो बियाण्याचा आणि गाईचा, तर जुन्या धर्मग्रंथांत वर्णसंकराचा, म्हणजे भयाचा. कुत्र्याची जात आपण रस्त्यात मोठ्याने विचारतो. माणसाची विचारताना जरा वळसा घेतो : 'आडनाव काय?', 'मूळ गाव कोणते?' आणि तेवढ्याने भागले नाही तर रंग, नाक, डोळे यांच्याकडे एक चोरटी नजर टाकतो. खेळ तोच असतो. म्हणूनच कुत्र्यांवरच्या या लेखात माणसांच्या नाकाचा उल्लेख आम्हांला टाळता येत नाही.

ते नाक एके काळी खरोखरच मोजले गेले. हर्बर्ट रिझली यांनी बंगालमधील जातीजमातींवरचा आपला ग्रंथ १८९१ साली सिद्ध केला, आणि पुढे १९०१ च्या जनगणनेचे ते प्रमुख झाले. नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराचा जातीच्या सामाजिक स्थानाशी नियमबद्ध संबंध आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या काळात केनेल क्लबची मंडळी कुत्र्यांच्या कवट्यांची मानके ठरवत होती त्याच काळात त्याच साम्राज्याचे अधिकारी माणसांच्या नाकांवर मोजपट्टी ठेवत होते. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात याच मापांचा आधार घेऊन उलट प्रश्न केला. ही मापे विश्वसनीय मानायची, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात. मग अस्पृश्यतेचा उगम वंशभेदात आहे हे म्हणणे टिकते कसे? ज्यांची मोजपट्टी, तिनेच त्यांचा सिद्धान्त मोडला.

त्याच्याही आधीची एक हकीकत आपल्याला जवळची आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. पुढे नाझी राजवटीच्या वंशशास्त्राला बळ देणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतले जाते तेच हे फिशर. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो थोडा फरक असतो तो वंशावर अवलंबून आहे काय, हा इरावतीबाईंपुढचा विषय होता. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा काही वांशिक संबंध आढळत नाही, असे लिहिले. गुरूला जे उत्तर आवडले असते ते त्यांनी दिले नाही. मोजपट्टी हातात घेण्यात पाप नाही. निष्कर्ष आधी ठरवून ती हातात घेण्यात आहे. आणि मापाने 'नाही' म्हटले तर 'नाही' असे लिहिण्याचे धैर्य नसण्यात आहे.

कुत्रा आणि माणूस यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. कुत्र्यांच्या जाती माणसाने नेमक्या रूपासाठी निवड करकरून घडवल्या; माणसांच्या जाती तशा घडलेल्या नाहीत. उलट आमचा मुद्दा यातूनच अधिक पक्का होतो. ज्या प्राण्यात रूप आणि घराणे यांची सांगड मुद्दाम, वह्या ठेवून, दीडशे वर्षे घातली गेली, त्याच्या बाबतीतही कुंपण ओलांडल्यावर दोन-तीन पिढ्यांत रूप कुळाची साक्ष देईनासे होते. मग जिथे तशी सांगड कधी नव्हतीच तिथे नाकाडोळ्यांवरून घराणे सांगणाऱ्याला काय म्हणावे?

मग करावे काय? आमच्या मते, उपाय साधा आहे आणि त्याला खर्चही नाही. जे दिसते ते लिहावे. जे दिसत नाही ते लिहू नये. दवाखान्याच्या कार्डावर, दत्तकाच्या कागदावर, परवान्याच्या अर्जावर 'लॅब्रेडोर मिक्स' असे लिहिण्याऐवजी 'मध्यम चणीचा, तांबूस, आखूड केसांचा, डावा कान मुडपलेला, वजन अमुक किलो' असे लिहावे. हरवलेला कुत्रा शोधायलाही हेच वर्णन अधिक उपयोगी पडते, कारण शोधणाऱ्याला त्याचे आजोबा ओळखायचे नसतात. स्वभाव लिहायचा तर पाहिलेला लिहावा : मुलांशी कसा वागतो, जेवताना जवळ गेल्यास गुरगुरतो का, फटाक्यांना भितो का. कायदा करायचा तर कुत्र्याच्या कृतीवर आणि मालकाच्या हयगयीवर करावा. डोक्याच्या रुंदीवर करू नये. आईबाप खरोखर ठाऊक असतील तर ते अवश्य नोंदवावेत, आणि आजारपणाच्या दृष्टीने ते उपयोगीही पडतील. पण ठाऊक नसतील तर 'माहीत नाही' हे उत्तर कागदावर लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

रस्त्यातला खेळ यामुळे बंद पडेल अशी भीती नाही, आणि तो बंद पडावा अशी आमची इच्छाही नाही. कानांवरून लॅब्रेडोर आणि शेपटीवरून पामेरियन शोधणारे लोक भले असतात. त्या निमित्ताने ते कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. फक्त निकाल देऊन झाल्यावर तो तिथेच सोडून द्यावा, घरी नेऊ नये.

नामदेवांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली, आणि ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही गोष्ट शतकानुशतके कीर्तनांत सांगितली जाते; ऐकणाऱ्यांनी हजार शंका विचारल्या असतील. तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, हे विचारावे असे कोणाला वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.